काळं वर्तुळ आणि आम्ही अकराजणी

चित्र काढा म्हटलं की आपण सगळ्याजणी एकच चित्र काढतो, हे कधी तुमच्या लक्षात आलंय का? दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून वर येणारा अर्धा सूर्य, वळणं घेत येणारी नदी, काठावर कौलारू घर आणि आकाशात भुवयांसारखे चार पक्षी. मुंबईच्या मुलीचंही हेच आणि आमच्या धडगावच्या आश्रमशाळेतल्या मुलीचंही हेच. गंमत म्हणजे धडगावच्या मुलीच्या खिडकीबाहेर अख्खा सातपुडा उभा असतो आणि तो मुळीच तसा दिसत नाही! पण वहीत मात्र तेच दोन त्रिकोण. पुढे सातवी-आठवीनंतर तेही बंद होतं आणि मग जन्मभर एकच वाक्य पाठ असतं, ‘मला बाई चित्रकला येत नाही.’

मी स्वतः कला शाखेची पदवीधर. आता त्या ‘कले’त इतिहास होता, मराठी होतं, अर्थशास्त्र होतं, ब्रश तेवढा कुठंच नव्हता. त्यामुळे आमच्या बचत गटाच्या बायकांनी ‘चित्र शिकू या का?’ असं विचारलं, तेव्हा मी त्यांच्याइतकीच कोरी होते.

झालं असं, की गटानं बैठकीसाठी नंदुरबारमध्ये एक खोली भाड्यानं घेतली. चुना मारून झाला, सतरंजी आली, पंखा आला. समोरची भिंत मात्र पांढरीफटक. ‘तिथं वारली काढू या,’ कुणीतरी म्हणालं. आता वारली सुंदर आहे, वादच नाही. पण ती पालघर-डहाणूकडची. तिथल्या बायकांच्या हातातून, लग्नाच्या चौकातून आलेली. हल्ली भिंत दिसली की वारली काढायची पद्धतच पडलीय. आमच्या जिल्ह्यात भिल्ल आहेत, पावरा आहेत, कोकणा आहेत, मावची आहेत. त्यांच्या भिंतींवर, गोंदणात, मण्यांच्या माळांत काय काय आहे, याचा विचार न करता सरसकट वारली का, असा प्रश्न मला नेहमी पडतो. असो.

ओळखीचे एक निवृत्त चित्रकला शिक्षक आहेत. त्यांना बोलावलं. ते आले, भिंत पाहिली, आम्हाला पाहिलं आणि म्हणाले, ‘ज्याला चित्र येत नाही असं वाटतं, त्याला चेहरा काढायला देऊ नये. नाक वाकडं झालं की तो घाबरतो नि ब्रश ठेवतो. त्याला असं चित्र द्यावं ज्यात नाकच नाही. नक्कल करा. पण मोठ्या माणसाची करा.’

पुढच्या शनिवारी त्यांनी एक रंगीत प्रिंट आणली. ती हातोहात फिरली आणि खोलीत क्षणभर कुणी बोलेना. चौकोनी चित्र. मधोमध मोठं काळं वर्तुळ. भोवती काळ्या-करड्या-पांढऱ्या कडा. खाली लाल, पिवळ्या, निळ्या पट्ट्या. संपलं!

‘ताई, हाई काय शे?’

हे काय आहे, याची मग आम्ही प्रत्येकीनं आपापली उत्तरं दिली. एक म्हणाली तवा. एक म्हणाली ग्रहण. एकीला वरून पाहिलेली विहीर दिसली. आमच्यातली सगळ्यात धाकटी म्हणाली, ‘डोळा. बैलाचा.’ सर काहीच म्हणाले नाहीत, नुसतं हसत होते. मग सांगितलं, ‘याचं नाव बिंदू. सय्यद हैदर रझांचं.’

रझांचं नाव मी ऐकलं होतं, पण ‘कोट्यवधींना चित्र विकलं गेलं’ अशा बातमीतून. २०१० साली लंडनच्या लिलावात त्यांचं ‘सौराष्ट्र’ हे चित्र १६ कोटींच्या वर गेलं, तेव्हा सगळ्या पेपरांत आलं होतं. पण या माणसाची गोष्ट त्या आकड्यापेक्षा कितीतरी जवळची निघाली. जन्म २२ फेब्रुवारी १९२२ चा, मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यातल्या बाबरिया गावचा. वडील वनखात्यात. म्हणजे लहानपण जंगलात गेलेलं. गोंडांचे नाच, रात्रीच्या अंधाराची भीती आणि सकाळ झाल्यावर सुटका झाल्यासारखं वाटणं, या आठवणी ते म्हातारपणापर्यंत सांगत. पोराचं अभ्यासात लक्ष लागेना. तेव्हा शाळेतल्या नंदलाल झारिया गुरुजींनी काय केलं? भिंतीवर एक ठिपका काढला आणि सांगितलं, याच्याकडे बघत बस. बाकी सगळं विसर.

एवढंच. मुलगा मोठा झाला, नागपूरच्या कलाशाळेत शिकला, मग मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. १९४७ साली सूझा, आरा, हुसेन, गाडे, बाक्रे यांच्यासोबत ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ काढला. १९५० मध्ये पॅरिसला गेला, तिथेच राहिला, १९५६ मध्ये तिथल्या समीक्षकांचा मोठा पुरस्कार मिळवला. आधी घरं, चर्च, गावं रंगवली, मग नुसते रंगांचे लोळ. आणि नाव, पैसा सगळं मिळाल्यावर, १९८० च्या आसपास, परत त्या गुरुजींच्या ठिपक्यापाशी आला. पुढं तीसेक वर्षं बिंदूच रंगवत राहिला.

‘म्हणजे एक ठिपका त्याला जन्मभर पुरला,’ आमच्या निवृत्त शिक्षिकाबाई म्हणाल्या. त्यांना गुरुजींचंच कौतुक जास्त!

पण आमची एक पावरा मैत्रीण वेगळंच विचारत होती. ‘मंडला म्हणजे नर्मदेवरचं ना?’ हो, नर्मदेवरचंच. अमरकंटकला निघालेली नर्मदा मंडल्याला वळसा घालून, मैलोन् मैल वाहत आपल्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या उत्तरेला टेकते आणि पुढे गुजरातेत जाते. तिचं माहेर तिथलंच, काठावरचं. आता ते सरदार सरोवराच्या पाण्याखाली आहे आणि तिचे भाऊ तळोदा तालुक्यातल्या वसाहतीत राहतात. ती प्रिंट तिनं पुन्हा मागून घेतली आणि बराच वेळ पाहत राहिली. तिला त्यात काय दिसलं, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पण नंतरच्या एकाही शनिवारी ती गैरहजर राहिली नाही. रझा २०१६ च्या जुलैत दिल्लीत गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी दफन केलं, हे सरांनी सांगितलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘गावी जायला मिळालं.’

आता प्रत्यक्ष कामाचं सांगते, कारण खरी मजा तिथं आहे.

कॅनव्हास महाग. म्हणून सुताराकडून हार्डबोर्डचे दोन-दोन फुटांचे तुकडे कापून आणले. त्यांना भिंतीचा प्रायमर दोन हात मारला, वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासलं. रंग ॲक्रिलिकचे, सगळ्यांत मिळून. ब्रश चपटे, हार्डवेअरच्या दुकानातले. डोकी वाटून प्रत्येकीला दोनशेच्या आत पडलं. (घरी सांगताना बऱ्याच जणींनी पन्नासच सांगितले, ते सोडा.)

पहिली अडचण वर्तुळाची. एवढा मोठा कंपास कुठून आणणार? आमच्यातली एकजण गवंड्याच्या हाताखाली कामाला जाते. ती उठली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन रेघा मारून मध्य काढला, तिथं खिळा ठोकला आणि सुतळीला पेन्सिल बांधून फिरवायला घेतली. पण वर्तुळ फिरून आलं ते सुरुवातीला जुळेना. बोटभर फरक! सुतळी ताणली जाते, हे तिच्या लगेच लक्षात आलं. मग मासे धरायचा नायलॉनचा दोरा आणला. तो ताणत नाही. अकरा फळ्यांवर अकरा गोल पक्के निघाले आणि त्या दिवशी सरांऐवजी तीच शिक्षक झाली. साइटवर तिला कुणी ‘ए, घमेलं आण’ याच्यापलीकडे काही म्हणत नाही.

सरळ कडांसाठी गाड्या रंगवणारे वापरतात ती कागदी चिकटपट्टी. ती लावून रंग मारला तरी रंग आत झिरपून कड फुरफुरीत होते. त्यावर सरांनी सांगितलेली युक्ती तुम्हाला भिंत रंगवतानाही उपयोगी पडेल. पट्टी लावल्यावर आधी तिच्या कडेवरून खालचाच रंग एकदा फिरवायचा. झिरपायचा तो तोच झिरपतो आणि फट बंद होते. मग वरचा रंग. पट्टी ओढली की कड अशी निघते, जशी सुरीनं कापलेली बर्फी!

आणि ऊन. मे महिन्यात नंदुरबारचा पारा कुठं जातो, हे सांगायला नको. ॲक्रिलिक पाण्यात कालवायचा रंग. आमच्याकडे तो ब्रशवरच सुकायला लागला. मग स्टीलच्या डब्यात ओलं फडकं पसरून त्यावर कागद, कागदावर रंग आणि काम थांबलं की वरून झाकण. कणीक मळून ठेवतो तसंच की! कामाची वेळही बदलली. सकाळी सात ते नऊ. त्या दोन तासांसाठी कुणाकुणाला घरात काय काय ऐकावं लागलं, ते लिहायला बसले तर पुरवणी पुरायची नाही. एकीच्या सासूबाईंनी तर विचारलं, ‘गोल काढायला दोन तास? पोळी तर पाच मिनिटांत करतेस!’

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो काळ्या रंगानं. मला वाटलं होतं, बाटली उघडायची आणि फासायचा. पहिल्या फळीवर तसंच केलं तर ते वर्तुळ डांबरासारखं दिसायला लागलं, मेलेलं. सर म्हणाले, ‘काळ्यात नुसतं काळं नसतं.’ मग खाली गडद निळ्याचा एक हात, तो वाळल्यावर विटकरी, मग पाण्यासारखा पातळ काळा, पुन्हा निळा, पुन्हा काळा. पाच-सहा थर झाले आणि एका सकाळी उजेड तिरका पडला तेव्हा ते वर्तुळ खोल दिसायला लागलं, हात घातला तर आत जाईल असं. काळा हा रझांना सगळ्या रंगांची आई वाटायचा. आमच्या एका मावशींनी त्याचं फार छान सांगितलं, ‘तव्याचा काळा निराळा नि अवसेचा काळा निराळा. हा अवसेचा.’

लाल रंगाच्या बाबतीत मात्र आम्ही सरांनाच शिकवलं! नंदुरबार म्हणजे मिरचीची मोठी बाजारपेठ. हंगामात शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर एकरच्या एकर मिरची पसरलेली असते. जमीन दिसत नाही, नुसता लाल. बाहेरची माणसं गाड्या थांबवून फोटो काढतात. आमच्या गटातल्या चौघी तिथं मिरची पसरायला, देठ खुडायला जातात. हाताची आग, डोळ्यांची आग, संध्याकाळी तान्ह्या पोराला जवळ घ्यायची भीती. फोटोत यातलं काही येत नाही. पण लाल रंग त्यांच्याइतका कुणालाच कळत नाही. ओली मिरची पसरली त्या दिवशीचा लाल, चार दिवसांचा लाल, वाळून तपकिरीकडे झुकलेला, दव पडून डागाळलेला. प्रिंटमधल्या पट्टीवर बोट ठेवून एकजण म्हणाली, ‘हा पहिल्या दिवसाचा नाही. हा आठ दिवस उन्हात राहिलेला आहे.’ आणि तिनं लालमध्ये चिमूटभर विटकरी मिसळून तो काढून दाखवला. सर बघतच राहिले.

खरा लाल कोणता, हा मात्र प्रश्नच. तीन मोबाइलवर तेच चित्र उघडलं तर तीन लाल, आणि प्रिंटमध्ये चौथा. मूळ चित्र आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही. सरांनी त्यावर व्हॅन गॉगची गोष्ट सांगितली. १८८९-९० मध्ये तो मनोरुग्णालयात होता. समोर बसायला माणसं मिळेनात, बाहेर जायची सोय नाही. तेव्हा तो मिलेच्या चित्रांच्या छापील प्रतींवरून चित्रं करायचा आणि त्या प्रती काळ्या-पांढऱ्या होत्या! मग रंग त्यानं स्वतःचे घातले. पेरणी करणारा, कापणी करणाऱ्या बाया, दुपारी गवताच्या गंजीपाशी झोपलेले नवरा-बायको, सगळं मिलेचं. पण निळा-पिवळा व्हॅन गॉगचा. हे ऐकल्यावर आमच्या बायका एकदम मोकळ्या झाल्या. चौथ्या शनिवारपर्यंत कुणाची पट्टी राणी रंगाची झाली, कुणाच्या कडेला नवरात्रातला झेंडूचा पिवळा आला.

आता नकलेबद्दल. आपल्याकडे ‘कॉपी’ म्हटलं की दहावीची परीक्षा आठवते. पण चित्रकला शिकायची जुनी वाट हीच आहे. आणि त्यातली एक मोठी नक्कल आपल्या खानदेशाच्या वेशीवर घडलेली आहे, अजिंठ्याला. रॉबर्ट गिल नावाचा अधिकारी १८४४ पासून तिथं राहून लेण्यांतली चित्रं उतरवत होता. त्याच्या बहुतेक प्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे १८७२ पासून जे. जे. चे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन वर्षानुवर्षं तिथं जात राहिले. त्या प्रतींतल्याही बऱ्याच १८८५ च्या आगीत गेल्या. पण ज्या पोरांनी गुहेच्या अंधारात बसून त्या काढल्या, त्यांचे हात तयार झाले. ते कुठल्या आगीत जळणार? पिकासोसारख्या पिकासोनं १९५७ साली वेलाझ्केझच्या एका चित्रावरून ५८ चित्रांची मालिका केली. तेव्हा पंचाहत्तरी ओलांडली होती त्यानं. शिकायचं नव्हतं, तरी केलं.

नक्कल करताना जे कळतं, ते नुसतं बघून कळत नाही, एवढं मी आता छातीठोक सांगते. प्रिंट पाहताना मला ते वर्तुळ मधोमध वाटलं होतं. मोजताना कळलं, खालच्या पट्ट्यांमुळे ते किंचित वर आहे आणि म्हणून ते तरंगल्यासारखं वाटतं. ‘यात काय, कुणीही काढेल,’ असं अमूर्त चित्राबद्दल आपण सर्रास म्हणतो ना? आमच्या खोलीत ते वाक्य पहिल्या तासाला तिघींनी म्हटलं होतं. तिसऱ्या शनिवारनंतर ते कुणाच्या तोंडून आलं नाही.

आणि आता जे सांगायचं होतं ते.

आमच्यात एकजण आहे, पस्तिशीची. चार वर्षांपूर्वी नवरा गेला. शिवणकाम करून दोन मुलं शिकवतेय. गटाचे हिशेब चोख ठेवते. ती वर्तुळापर्यंत सगळ्यांच्या पुढे होती. नायलॉनचा दोरा तिनंच आणलेला. पण रंग भरायच्या दिवशी ती फळी पुढे घेऊन नुसती बसली. विचारलं तर म्हणाली, ‘मी पट्ट्या आधी करते.’ पट्ट्या झाल्या, कडा झाल्या, वर्तुळ पांढरंच. दुसऱ्या शनिवारीही पांढरंच. मग तिनं हळूच मला विचारलं, ‘ताई, मी हे लाल केलं तर चालेल का? काळं नको.’

प्रश्न रंगाचा नाही, हे कळायला मला वेळ लागला नाही. बाईच्या हातून काढलेला, दोन फुटांच्या फळीवरचा मोठा लाल गोल म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. मी म्हटलं, ‘तुझं चित्र आहे, तू ठरव.’ पण खोलीत ते ऐकू गेलंच. एका वयस्क बाईंनी सुस्कारा टाकला, ‘अगं, लोक काय म्हणतील? घरात लावणार आहेस ना ते?’ त्या वाईट नाहीत हो. त्या स्वतः सव्वीस वर्षं कुंकवाशिवाय आहेत.

यावर आमच्या भिल्ल आणि पावरा मैत्रिणींना खरोखरच कळेना, की एवढं गप्प व्हायला झालं काय. त्यांच्यात बाई पुन्हा घर करते, त्याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही. एकीनं सरळ विचारलं, ‘नवरा मरना, तर लाल रंग काबरं बंद?’ त्या ‘काबरं’ला आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं परिपत्रक काढलं. मी स्वतः ते दोन गावांच्या ग्रामसभेत वाचून दाखवलंय. टाळ्या पडल्या. पण परिपत्रकानं कपाळापर्यंत हात जात नाही, हे ज्या गावोगाव फिरतात त्यांना ठाऊक आहे.

तिनं वर्तुळ लाल केलं. एका बैठकीत नाही, तीन शनिवार लागले. काळ्यासाठी शिकलेली पद्धतच तिनं लालला वापरली. खाली विटकरी, मग शेंदरी, मग लाल, मग पुन्हा पातळ विटकरी. मिरचीवाल्या दोघी शेजारी बसून ‘अजून थोडा उन्हात ठेव’ म्हणत होत्या, म्हणजे अजून थोडा गडद कर! शेवटच्या दिवशी वर्तुळाच्या अगदी कडेला तिनं केसाएवढी बारीक काळी रेघ ओढली. सरांनी विचारलं, ‘ही प्रिंटमध्ये कुठाय?’ ती म्हणाली, ‘नाहीये.’ त्या वयस्क बाईंनी चष्मा वर करून ती फळी जवळून पाहिली. काही बोलल्या नाहीत. पण आपल्या स्वतःच्या फळीवरची लाल पट्टी त्यांनी मग बोटभर रुंद करून घेतली, ते मी पाहिलं.

याच सुमारास मी त्यांना भुरीबाईंची गोष्ट सांगितली. झाबुआ जिल्ह्यातलं पिटोल हे त्यांचं गाव. भिल्ल समाजाच्या. भोपाळला भारत भवन बांधलं जात होतं, तिथं त्या मजुरीला होत्या. ते सुरू झालं १९८२ साली. तिथले संचालक जगदीश स्वामिनाथन स्वतः मोठे चित्रकार, डोंगर-पक्षी-झाड यांची अगदी साधी, अमूर्ताकडे झुकणारी चित्रं करणारे. त्यांनी या मजूर बायांना विचारलं, तुमच्याकडे भिंतीवर काय काढता, ते कागदावर काढून दाखवा. भुरीबाईंनी काढलं. त्यांच्याकडे पिठोरा लिहायचं काम परंपरेनं पुरुषांचं, लखाऱ्याचं. ‘लिहायचं’ म्हणतात हं, काढायचं नाही! पण कागदाला तो नियम लागू नव्हता. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या गवंडीकाम करणाऱ्या मैत्रिणीनं हे दोनदा सांगायला लावलं. ‘मजुरीलाच होती ना? नक्की?’

चित्रं पुरी झाली आणि एक नवाच पेच आला. बचत गटांच्या प्रदर्शनात मांडायची का? पापड-लोणच्यांच्या शेजारी चित्रं! एका ओळखीच्या दुकानदारानं तर किमतीही विचारल्या. सगळ्यांचे डोळे चमकले, साहजिकच आहे. पण इथं सर ठाम राहिले आणि मला ते पटलं. रझांच्या चित्रावरचा हक्क कायद्यानं त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो, म्हणजे २०७६ सालापर्यंत. शिकायला, घरात लावायला उतरवणं वेगळं आणि विकणं वेगळं. शिवाय रझांना याचा ताप भोगावा लागला होता. जानेवारी २००९ मध्ये दिल्लीत त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. उद्घाटनाला ते स्वतः गेले, भिंतींवरची चित्रं पाहिली आणि म्हणाले, ही माझी नाहीत! सत्त्याऐंशीच्या घरातला माणूस आपल्याच प्रदर्शनात परक्यासारखा उभा. नक्कल करून शिकलेला हात आणि नक्कल करून फसवणारा हात, दोन्ही तेच काम करतात. फरक खाली सही कुणाची करता यात आहे.

म्हणून विकायची नाहीत, असं ठरलं. मागच्या बाजूला ‘रझांच्या बिंदूवरून’ असं लिहायचं आणि खाली प्रत्येकीनं आपलं नाव. यातही वेळ गेला. चौघींनी आधी नवऱ्याचं नाव मधे घातलं, मग खोडून टाकलं. दोघींनी अंगठ्याऐवजी सही करायला याच गटात शिकून घेतलं होतं. त्यांनी सगळ्यात मोठी अक्षरं काढली. लाल वर्तुळवालीनं नाव लिहिलं नाही. तिनं एक ठिपका काढला, लालच.

भिंतीवर आता आठ फळ्या आहेत. तीन घरी गेल्या. मिरचीवाल्या दोघींपैकी एकीनं आपली नेली, ती सध्या गव्हाच्या कोठीवर टेकवून ठेवलीय, कारण घरात खिळा ठोकायला पक्की भिंत नाही. पावरा मैत्रिणीनं आपली भावाकडे, वसाहतीत पाठवली. लाल वर्तुळ शिलाई मशीनच्या वर लागलंय. गिऱ्हाइकं विचारतात, ‘हे काय आहे?’ ती म्हणते, ‘बिंदू आहे. रझांचा. थोडा माझा.’

पावसाळा उतरला की दुसरं चित्र घ्यायचं ठरलंय. सरांनी वासुदेव गायतोंड्यांचं नाव काढलंय. जन्म नागपूरचा, १९२४ चा. त्यांच्या चित्रात तर गोलसुद्धा नाही, नुसता रंग आणि त्यात उमटलेल्या खुणा. ते ब्रशपेक्षा रोलर आणि पट्टीचा सुरा जास्त वापरत. रोलर एका रंगाऱ्याकडचा जुना मिळतोय. पट्टीच्या सुऱ्याऐवजी उलथनं चालेल का, ते सरांना विचारायचं आहे.